बांधखाऊचं बंधुखंड

ठिकाणाचं नाव म्हणजे पूर्वजांनी मातीत कोरलेली स्मृती, असं नावांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांनी भर सभेत सांगितलं. बसथांब्यामागच्या रानाचं 'बांधखाऊ' हे नाव ज्यानं कोरलं, तो धाकटा भाऊ पहिल्याच रांगेत दातओठ खात बसला होता.

थोरल्यानं बांध कोरला, म्हणून धाकट्यानं नाव कोरलं. दर नांगरटीला थोरल्याचा फाळ बोटभर आत यायचा. ज्या बांधावरून बैलजोडी जायची, तिथं कोंबडीलाही तोल सांभाळावा लागू लागला. गावकरी म्हणाले, "भावाभावात कसलं मोजता?" धाकट्यानं मोजणं सोडलं आणि जीभ चालवली. वाट विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "बांधखाऊवरून डावीकडं वळा." नाव इतकं रुजलं, की थोरल्याच्या लेकीला बघायला आलेल्यांनी दारातच विचारलं, "बांधखाऊंचं घर हेच ना?" त्या दिवशी धाकटा दोन घास जास्त जेवला.

थोरल्यानं मग प्राध्यापकांनाच जेवायला बोलावलं. जेवण उत्तम झालं असावं. कारण हात वाळायच्या आत त्यांना मूळ शब्द सापडला: बंधुखंड! एकदिलानं नांदणाऱ्या भावांची भूमी!

"साहेब, चोर आहे तो!" धाकटा सभेत उठून ओरडला. "नाव मी ठेवलंय!"

"सामान्यांना असं वाटतं खरं," प्राध्यापक समजुतीनं म्हणाले.

"बस रे बाळा," थोरला मायेनं म्हणाला. "लहानपणापासून हट्टीच आहे माझा भाऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरल्यासुरल्या बांधावर 'बंधुखंड' अशी पाटी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात धाकटा पहार घेऊन निघाला.

"अहो, पाटी उपटून बांध परत येणार आहे का?" बायको म्हणाली.

"बांध गेला खड्ड्यात. नाव माझं आहे."

त्यानं पाटी उपटली. थोरल्यानं ती परत रोवली, चार बोटं धाकट्याच्या बाजूला सरकवून.

"दादा, पाटीसुद्धा सरकवतोस?"

"सरकली असेल बाबा. माती भुसभुशीत आहे."

धाकटा उपटत राहिला, थोरला रोवत राहिला. दोघांची पिकं वाळली, पाटीखालचा खड्डा रुंदावत गेला, पण पहार थांबली नाही. पावसाळ्यात उरलेला बांध पाटीसकट आत गेला. आता दोघं दोन काठांवर उभे राहून, पाणी कोणाच्या बाजूला जास्त आहे, यावर भांडतात.

बस तिथंच थांबते. कंडक्टर दारातून ओरडतो, "खड्डावाले, उतरा!"