उताणे मासे

बरगढच्या बाजारात आमचे मासे दुसऱ्याच्या साडीच्या काठावर दिसले, तेव्हाच मी ओळखलं, चोर घरात आहे. आम्ही भुलिया, विणण्याआधी सुताला गाठी बांधून रंगवणारे. आमची नक्षी कागदावर नसते, डोळ्यांपुढे असते. तीन फाट्यांच्या शेपटीचा मासा या बरपालीत फक्त माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. सासूने तो तिथे ठेवला.

घरात परकी एकच, सोनपूरच्या विणकराकडून आणलेली सून कुंतला. माझ्या शेजारी बसून गाठी बांधायची आणि मधेच डोळे मिटायची.

"काय चोरतेस गं?"

"चोरत नाही, मा. मासा आठवतेय."

"आठवून कुणाला देतेस? बापाला?"

मुलगा दुर्योधन पाण्यात भिजवलेला पखाळ भात अर्धा टाकून उठला. मी म्हटलं, "पोटभर खा, आणि हिला सोनपूरच्या गाडीत बसवून ये. परत आणायची नाही."

कुंतला रडली नाही. त्यानेच माझा संशय वाढला. पिशवी भरून म्हणाली, "जाण्याआधी ती साडी बघू दे."

पुरावा म्हणून विकत आणलेली साडी मी तिच्यापुढे फेकली. तिने काठ पसरला.

"मा, हे मासे उताणे आहेत."

"चोरीचे ते मेलेलेच असणार!"

"आपल्या माशांचं पोट साडीच्या कडेकडे असतं. तुमच्या शेजारून मला तसेच दिसतात, तसेच आठवतात. हे बांधणाऱ्याला मासा उलटाच आठवतो."

रागात मी नुसते शेपटीचे फाटे पाहिले होते. आता डोळे मिटले. गाठी बांधायची आडवी चौकट समोर आली, मासे आले. मग मनातल्या मनात उठून चौकटीला वळसा घातला. पलीकडून सगळे मासे पोट वर करून पडलेले. आणि तिथे, सुताचं टोक धरून, परकर गुडघ्यांत खोचून बसलेली माझी लहानपणीची लेक सुरुबाली. मुलगी दुसऱ्याच्या घरी जायची, म्हणून तिला मी एक गाठ शिकवली नव्हती. गेली ती शेजारच्या गावी, विणकराच्याच घरी.

"चल, गाडी येईल," दुर्योधन दारातून म्हणाला.

"पिशवी ठेव खाली."

"पण तूच म्हणालीस ना, मा..."

"मला उलट बोलू नकोस. कुंतला, बस. सूत सैल पडतंय."

नव्या भाताच्या सणाला, नुआखाईला, सुरुबाली माहेरी येईल. तिला मी माझ्या शेजारी बसवणार, आणि हात कुठे जातात ते बघणार. माझी मुलगी असून उताणे मासे!