एमिल टॉर्सन यांची सही

मंगळवारी सकाळी दहा वाजता लिओटाबाईंनी मला साबणाच्या कोमट पाण्यात बुडवलं. तासाभरानं दोन रुमालांमध्ये घालून माझ्यावरून इस्त्री फिरवली.

मित्रांनो, मी एक जुनी दहा डॉलरची नोट आहे, नेब्रास्कातल्या एका लहानशा गावच्या बँकेची. त्या काळी गावोगावच्या बँका आपापल्या नावाच्या नोटा काढत. वॉशिंग्टनहून छापून आलेल्या एका तावावर आम्ही चौघी होतो. कॅशियर एमिल टॉर्सन यांनी टाकानं डाव्या बाजूला सही केली, बँकेच्या अध्यक्षांनी उजव्या बाजूला. मग आम्हाला कात्रीनं वेगळं केलं. मी अनेक खिशांतून फिरले, मळले आणि शेवटी एमिल यांच्याच घरी परत आले. एमिल फ्लूच्या साथीत गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीनं मला बायबलात जपून ठेवलं. पुढे चक्रीवादळानं घर नेलं, ते बायबल तेवढं सापडलं. एमिल यांचं हस्ताक्षर आता फक्त माझ्यावर उरलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी जुन्या नोटांचे पारखी स्ट्रँड चर्चच्या सभागृहात आले होते. एमिल यांची मुलं, सत्तरी ओलांडलेल्या लिओटाबाई आणि धाकटे ऑर्व्हल, मला घेऊन गेली.

स्ट्रँड यांनी माझ्यावरचा बँकेचा क्रमांक यादीत शोधला. "या बँकेच्या दोनच नोटा माहीत आहेत. ही तिसरी!" मग त्यांनी भिंग लावलं. "ही धुतली कुणी?"

"मी," लिओटाबाई म्हणाल्या. "चारचौघांत मळकी कशी आणायची?"

"बाई, अर्धी किंमत तिथंच गेली."

"किंमत गेली खड्ड्यात," ऑर्व्हल म्हणाले. "बाबांची सही कुठाय?"

"अध्यक्षांची शाई काळी, ती टिकली. कॅशियरची जांभळी असणार. पाण्यात उतरली."

"माझे कपडे धुऊन भागत नव्हतं का गं तुझं?" ऑर्व्हल हसायला गेले, पण हसू आलंच नाही.

लिओटाबाईंनी हात पदराआड घ्यावेत तसे कोटाच्या खिशात घातले.

"खास दिव्याखाली कधी कधी खुणा दिसतात," स्ट्रँड म्हणाले. "सही कशी होती, ते काढून द्या."

दोघांनी कागदावर सही काढली.

"टॉर्सनमधला टी असा नव्हता गं."

"असाच होता. मी रोज बघायचे."

दोन्ही सह्या जुळेनात.

मित्रांनो, जुन्या कागदाला पाणी लावू नका. त्याचा मळ त्याच्याजवळ राहू द्या. लिओटाबाईंइतक्या मायेनं मला कुणीच कधी हाताळलं नव्हतं, म्हणून तर सांगते.

सध्या मी ओमाहा शहरात स्ट्रँड यांच्याकडे आहे. काल तिसऱ्यांदा मला दिव्याखाली धरलं. एक उभी रेघ दिसली. ती अक्षराची की नुसती चुरगळल्याची, हे अजून ठरलेलं नाही.