चंपाबाईंचा सूर्यास्त आणि कुंद्यात अडकलेली मी

चंपाबाई जेवल्या.

नाही, थांबा. हे वाक्य मी खोडलं आहे. मित्रांनो, तुम्ही ते वाचलेलं नाही. वाचलं असेल तर विसरा. खोडणं हा माझा धंदाच आहे.

मी एक जुनी बॅकस्पेस आहे. बेळगावला उद्यमबागेत एका फौंड्रीचं ऑफिस आहे. तिथल्या एका कळफलकाच्या उजव्या कोपऱ्यात मी राहते. माझ्या पाठीवर डावीकडे जाणारा एक बाण होता. दुसऱ्यांचं पुसता पुसता तोही पुसला गेला.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं, थंड केलं आणि भावंडांच्या रांगेत बसवलं, एवढंच आठवतं. तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही. एन्टर दाबून झालं की माणूस खुर्चीत मागे रेलतो. मला दाबताना मात्र तो पुढे झुकून दातओठ खात असतो. आयुष्यभर असेच चेहरे बघितल्यावर कुणाला झोप लागेल?

आधी मी फौंड्रीची बिलं खोडली. मग ऋचा आली. ती दिवसभर कंपनीचे प्रोग्रॅम सांभाळते आणि सुट्टी झाली की तासभर इंटरनेटवरच्या एका मंडळावर बसते. तिथे नवशिके आपले बिघडलेले प्रोग्रॅम आणून टाकतात आणि खाली लिहितात, 'चालत नाही.' काय चालत नाही, कधीपासून, काहीही सांगत नाहीत. ऋचा आधी लिहिते, 'डोळे घरी ठेवून बसलायस काय रे?' मग मला दाबते, आणि पाठवते ते असं, 'तिसरी ओळ पुन्हा एकदा वाचून बघ हं.' सगळे म्हणतात, ऋचाताई किती शांत! मित्रांनो, ती शांतता म्हणजे मी. पण माझे आभार आजवर कुणी मानलेले नाहीत. उलट गेल्या दिवाळीत कुणीतरी माझ्या फटीत खव्याचा चिकट कुंदा सांडला. बेळगावचा कुंदा चांगला असतो, पण तो खाण्यासाठी असतो. तेव्हापासून मला दाबलं की मी अडकते आणि एका अक्षराऐवजी सगळी ओळ गिळून बसते. साफ कुणीच केलं नाही.

आता त्या संध्याकाळचं सांगते. मंडळावरच्या एका नवशिक्याचा, निपाणीच्या गोमटेशचा, निरोप आला. 'आक्का, अर्जंट. चालत नाही.'

या वेळी मात्र त्याने सगळं सांगितलं. त्याची आत्या चंपाबाई, जैन घरातली. सूर्य मावळला की पाणीसुद्धा घेत नाही. आठवड्यापूर्वी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. त्या चष्म्यातून तिला भर दुपारीही सूर्यास्तच दिसे. ताट पुढे आलं की ती म्हणे, "दिवस मावळलाय. मला जेवू घालायला तुम्ही खोटं बोलताय." मधुमेहाच्या गोळ्या चालू, आणि पोट रिकामं. म्हणून गोमटेशने प्रोग्रॅम लिहिला. रोजचा सूर्यास्त काढायचा आणि अर्धा तास आधी तिच्या फोनने मोठ्याने सांगायचं, 'आत्ती, जेवून घे.' माणसांवर नसला तरी फोनवर तिचा विश्वास होता.

लॅपटॉपवर ते नीट चाललं. मग त्याने प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या फुकटच्या सर्व्हरवर चढवला, आणि काल फोन साडेपाचला बोललाच नाही. बोलला तो रात्री अकराला. आत्ती उपाशी झोपली होती, ती दचकून उठली. सकाळी तिला चक्कर आली.

आज साडेपाच वाजायला थोडाच वेळ उरला होता. ऋचाने प्रोग्रॅम वाचला आणि तिला चूक लगेच दिसली. तिने दुरुस्त ओळ लिहूनही टाकली. आता नुसतं पाठवायचं. शेवटी एक टिंब जास्त पडलं होतं, तेवढं खोडायला तिने मला दाबलं.

मी अडकले. अख्खी ओळ गिळली.

"अगं मेल्ये!" ऋचा म्हणाली. मुद्दाम केलंस का, असं मला विचारू नका. कुंद्याला विचारा.

पुन्हा लिहायला लागणार, तोच तिच्याबरोबर बसने जाणारे ऑफिसातले येळ्ळूरचे नागेंद्र दारातून ओरडले, "ऋचा, बस चुकंल बघ!"

"जावा तुम्ही, अण्णा!" म्हणत तिने टायपिंग सोडलं आणि फोन स्पीकरवर लावला. "गोमटेश, तुझ्या प्रोग्रॅमलाच विचार. त्याच्याकडं आत्ता किती वाजलेत?"

थोडा वेळ नुसती खडखड ऐकू आली. मग गोमटेश किंचाळला, "आक्का, ह्यो तर दुपारचे बारा म्हणतोय! सर्व्हर हाय कुठं? कर्नाटकात का महाराष्ट्रात?"

"दोन्हीकडं घड्याळ एकच असतंय रं. अजून लांब जा."

"म्हंजे परदेशात? थांबा, थांबा. त्याला आपली वेळ सांगाय पायजे!"

ओळ त्याने स्वतः लिहिली. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आली. मला तर घाम फुटला होता, पण कुंदा असल्यामुळे दिसला नाही. पलीकडे आत्तीचा फोन बोलला, 'आत्ती, जेवून घे.'

मग चंपाबाईंचा आवाज आला. "काल अकराला बोललं, आज आत्ता बोलतंय. मधी काय झालं ते सांग, मग ताट आण."

ऋचाने डोळे मिटले. पण गोमटेश अडला नाही. "आत्ती, त्याचं घड्याळ परदेशातलं हुतं. तिकडं दुपार असताना हितं दिवस मावळतोय. आता मी त्याला निपाणीची वेळ शिकवलीया."

"कोण शिकवलं? तू?"

"व्हय, मीच."

"मग वाढ."

ऋचाची तयार ओळ गेली असती तर फोन तरीही बोलला असता. पण मधे काय झालं ते त्या पोराला सांगता आलं नसतं, आणि ताट तसंच राहिलं असतं.

म्हणजे चंपाबाई जेवल्या. मी खोडलेलं वाक्य परत लिहिते, पण पूर्ण नाही. ओळ जुळवण्यात आणि उलटतपासणीत वेळ गेला. अर्धी भाकरी उरली असताना सूर्य मावळला, आणि त्यांनी हात धुतला. ऋचाची बसही गेली होती.

म्हणून, मित्रांनो, नवशिक्याला उत्तर देण्याआधी मला एकदा दाबत जा, आणि मला पुसतही जा. बाकीचं सक्षम अधिकाऱ्यांकडे सोपवते:

विषय : निपाणी हद्दीतील सूर्यास्त दहा मिनिटे पुढे ढकलणेबाबत. महोदय, श्रीमती चंपाबाई यांचा चष्मा निघेपर्यंत सूर्यास किमान अर्धी भाकरी होईतो क्षितिजावर थांबविण्याचे आदेश व्हावेत. अर्ज मराठी, कन्नड व इंग्रजीत सादर केला आहे. कन्नड प्रत अंशतः खोडली गेली आहे, कारण कुंदा.

आपली विश्वासू,
बॅकस्पेस