धूर गिळणारी चूल

कौसल्याबाईंच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्य मावळतीला टेकला होता, थंडी उतरू लागली होती, आणि साऱ्यांच्या माना वर, टिनाच्या छपरातून निघालेल्या सिमेंटच्या धुराड्याकडे लागल्या होत्या. आत चूल पेटलेली होती. बंद दाराच्या फटीतून तिचा लाल उजेड दिसत होता. आणि धुराड्यातून धुराचा एक धागाही निघत नव्हता.

"खरंच धूर नाही वं, हंसाबाई!"

"मंग मी का लबाड बोलून राह्यली? नागोराव भाऊ पिऊन राह्यले सारा धूर. जिंदगीभर बिडी पेली, आता मेल्यावर धूर पेऊन राह्यले."

"हासू नको बाप्पा, कोपले म्हंजे!"

नागोरावांना जाऊन दोन महिने झाले होते. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात शेतातून येताना छातीत कळ आली आणि माणूस बांधावरच बसला तो बसलाच. तेच नागोराव आता दर गुरुवारी आपल्याच स्वयंपाकघरातल्या चुलीवर येतात, धूर गिळतात आणि बायकोशी बोलतात, असं आर्णीपासून घाटंजीपर्यंत पसरलं होतं. आणले होते अंगारबाबांनी.

आत अंगारबाबांचा आवाज चढला. "आओ नागोराव, आओ! तुमची लक्ष्मी बोलावून राह्यली! हवा को रोको, दार को रोको! हवा लागली का आत्मा उडते! वायु शत्रू, अग्नी मित्र!"

चुलीपुढे कौसल्याबाई, त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी अपेक्षा. बाबा मात्र दाराला पाठ लावून, उंबरठ्यावर बसलेले. दाराखाली चार बोटांची फट होती. बाबांनी डोकं त्या फटीच्या अंगाला झुकवलं होतं. लोक याला नम्रता म्हणत.

अपेक्षा यवतमाळला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत असे. बुवाबाजीवरची पुस्तकं कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर आहेत हे तिला पाठ होतं. त्यातली बहुतेक तिने वाचलेली होती. आणि आत-बाहेर जमलेल्या शंभर माणसांत, बाबा सोडले तर, तिला एकटीलाच ठाऊक होतं, की धुराड्यातून धूर का येत नाही.

कारण त्यात ओला सुतळी बोरा, म्हणजे गोणपाट, तिनेच कोंबला होता.

*

झालं होतं असं. अण्णा, म्हणजे नागोराव, गेल्यापासून अपेक्षाच्या आईने अन्न टाकलं होतं. अर्धी भाकरी चिमण्यांना, अर्धी तशीच. हंसाबाई शेजारधर्माला जागून ढाणकीकडून अंगारबाबांना घेऊन आली. बाबांनी घर पाहिलं, चूल पाहिली, धुराडं पाहिलं आणि अपेक्षाला गोठ्यामागे बोलावलं.

"बेटी, तू शिकली-सवरली. तुले खरं सांगतो. धुरासंगं आत्मा वर निंघून जाते. त्याचा रस्ता बांधाव लागते. अन् तो पोटच्या लेकरानंच बांधाव लागते. गुपचूप. कोणाले सांगितलं, का गेला तो कायमचा."

या चुलीत लाकूड जाळायचं नाही, फक्त बाबांनी आणलेला 'सिद्ध कोळसा' जाळायचा. रोजचा स्वयंपाक तोवर परसात, तीन दगडांवर करायचा. खिडकीला गोधडी लावायची. हे सगळं ऐकताना अपेक्षाच्या डोक्यात 'बुवाबाजी' हा शब्द उमटला नाही, असं नाही. उमटला होता. पण तिने मनाशी म्हटलं, एक बोराच तर आहे. आईने चार घास खाल्ले तर काय बिघडलं? आणि धूरच नाही, तर धोका कसला?

ती शिडीवर चढली. त्याच शिडीवर दरवर्षी दिवाळीनंतर अण्णा चढायचे. दोराला बोरीची काटेरी फांदी बांधून धुराड्यात सोडायचे, वर-खाली ओढायचे. खाली चुलीपाशी घमेलं धरून अपेक्षा बसलेली असायची. काजळी भसाभस पडायची. "पुरे का वं?" वरून अण्णा विचारायचे. "अजून येऊन राह्यली!" खालून ती ओरडायची. यंदा धुराडं साफ करायला अण्णा नव्हते. आणि त्यांची लेक चढली, ती बोरा कोंबायला.

पहिल्या गुरुवारी आईला ऐकू आलं, "कौसल्ये, पाणी दे." आई रडली, आणि बाहेर आल्यावर दोन भाकरी जेवली. दुसऱ्या गुरुवारी अपेक्षाच्या कानांत ठोके पडू लागले, कपाळ जड झालं, आणि तिला स्पष्ट ऐकू आलं, अण्णा खाकरले. घरात शिरताना चप्पल काढून खाकरायचे, अगदी तसे. त्या दिवशी चुलीमागच्या टोपल्यातली कोंबडीची पाच पिल्लं मेलेली सापडली. बाबा म्हणाले, "आत्म्यानं भोग घेतला." अपेक्षाने पिल्लं परसात पुरली. कशाने मेली, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं, तर अण्णांचं खाकरणं परत द्यावं लागलं असतं.

*

त्या तिसऱ्या गुरुवारी अंगणातल्या गर्दीत उकंडा मिस्त्रीही होते. वय सत्तरीला आलेलं. ही चूल त्यांनीच बांधलेली, पंचवीस वर्षांपूर्वी. सारे धुराड्याकडे पाहून हात जोडत होते. उकंडा मिस्त्री पाहत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"चूल पेटली अन् धूर नाही?" ते म्हणाले. "मंग तो हाय कुठी?"

"नागोराव भाऊनं पेला, मिस्त्री."

"नागोरावनं नाही पेला. आतमंधल्यायनं पेला!" असं म्हणत म्हातारा गर्दीतून वाट काढत दारापाशी पोचला.

आत तेव्हा कौसल्याबाई एका अंगावर कलंडल्या होत्या. अपेक्षाने उठायचा प्रयत्न केला, पण पाय आपले नसल्यासारखे झाले होते. "हात लावू नोको!" बाबा ओरडले. "समाधी लागली! पतीसंगं बोलून राह्यली!"

त्याच क्षणी दार ढकललं गेलं आणि उंबरठ्यावरचे बाबा तोंडावर पडले. उकंडा मिस्त्रींनी त्यांना ओलांडून कौसल्याबाईंच्या बखोटीत हात घातले. "धरा बे कोणी! पाह्यता काय!" दोघांनी धरून त्यांना अंगणात आणलं. मिस्त्रींनी खिडकीची गोधडी ओढून फेकली. अपेक्षा रांगत बाहेर आली आणि तुळशीपाशी ओकली.

*

आर्णीच्या दवाखान्यात आईच्या नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या.

"घरात कोळसा पेटवला होता का? बंद खोलीत?"

"नाही," अपेक्षा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हे बघा, ताई. बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला प्राणवायू अठ्ठ्याण्णव टक्के दाखवतंय. ते या बाबतीत फसतं. कोळशाचा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, आणि यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, भास होतात, मग माणूस झोपतो आणि उठत नाही. मला नेमकं कळलं नाही, तर ऑक्सिजन किती वेळ ठेवायचा हे मी कशावरून ठरवू? पुन्हा विचारते. पेटवला होता?"

"हो."

"किती वेळा?"

"तीनदा."

"धूर जायला वाट?"

अपेक्षा खाली फरशीकडे पाहत राहिली. "होती," ती म्हणाली. बंद कुणी केली, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

आईने दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले. पहिलं वाक्य म्हणाली, "तुह्ये अण्णा कुठी गेले?"

*

दोन दिवसांनी मायलेकी घरी आल्या, तेव्हा गावात वेगळंच ऐकायला मिळालं. अंगारबाबांनी दोष उकंडा मिस्त्रींवर ढकलला होता. "समाधीत असताना दार उघडलं. हवा लागली. बाई मरता मरता वाचली, ती आमच्या मंत्रानं." आणि आज बैठक होती दीपमालेकडे.

दीपमाला चार घरं पलीकडे राहायची. तिचा नवरा विक्की वर्षापूर्वी गाडीवरून पडून गेला, तेव्हा ती पोटुशी होती. पोरगं आता नऊ महिन्यांचं होतं. बापाने पोराला पाहिलं नव्हतं. बाबांनी तेच धरलं होतं. "लेकराले मांडीवर घेऊन बस. बाप पाह्यल त्याले."

अपेक्षा धावतच तिथे पोचली. अंगण भरलेलं होतं, दाराशी अंगारबाबा उभे होते. भिंतीला शिडी टेकलेली, आणि शिडीच्या पायाशी एक सुतळी बोरा पडला होता. ओला.

आता गप्प राहिलं, तर कुणालाही काही कळणार नव्हतं. बोललं, तर ग्रंथालयातल्या अपेक्षा मॅडमने काय केलं, ते जन्मभर गावाच्या तोंडी राहणार होतं. दीपमालेच्या कडेवरचं पोरगं बोटं चोखत सगळ्यांकडे टुकूटुकू पाहत होतं.

"दीपमाला," ती म्हणाली, "हा बोरा धुराड्यात घालायले तुले बाबानं सांगितलं का?"

दीपमाला दचकली. "तुमाले कसं मालूम, ताई? थे तं कोणालेच सांगायचं नव्हतं."

"कारण आमच्या धुराड्यात तो मी घातलता."

साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. मग हंसाबाई म्हणाली, "काय बोलून राह्यली तू, पोट्टे?"

"खरं बोलून राह्यली, मावशी. अण्णानं धूर नाही गिळला. ओला बोरा कोंबून मी धुराडं बंद केलं. तीनही गुरुवारी तुम्ही हात जोडले, अन् मी पाहत बसली. मले मालूम होतं. मले वाटलं, धूर दिसत नाही तं धोका नाही. कोळसा धूर कमी करते, पण त्याचा वायू माणूस मारते. पाच पिल्लं मेली, तवाही मी गप्प राह्यली. आई मरत होती, अन् दवाखान्यात मी पह्यले खोटं बोलली."

"अवं, एवढी शिकलेली तू, अन् कायले केलं असं?" कुणीतरी विचारलं.

"मलेही अण्णाचा आवाज आलता," अपेक्षा म्हणाली. "तो मले सोडायचा नव्हता."

कुणी हसलं नाही. हसले फक्त अंगारबाबा. "बेटी का दिमाग दुख में फिर गया है! अविश्वासाचा वारा लागला! लोकहो, ऐका..."

"बाबा," मागून उकंडा मिस्त्रींचा आवाज आला, "तुमी दर बैठकीले दाराच्या फटीपाशी काहून बसता?"

"ते आमचं आसन हाय!"

"मंग आज आसन बदला. खोली तीच, कोळसा तोच, मंत्र तोच. बोरा घालू, खिडकी लावू. चुलीपाशी तुमी बसा, फटीपाशी मी बसतो. लेकरू राहू द्या त्याच्या मायपाशी अंगणात. बसता?"

"आज... आज आमचं मौन हाय."

"मौन? एवढ्या मोठ्यानं?" हंसाबाई म्हणाली, आणि अंगणात पहिल्यांदा खसखस पिकली. "बसा न बाबा! तुमचा तं अग्नी मित्र हाय!"

बाबांना एकाएकी ढाणकीची गाडी आठवली. झोळी उचलली, पण कोळशाची पिशवी तिथेच राहिली.

मिस्त्रींनी मग बाबांशिवायच प्रयोग केला. धुराडं मोकळं, खिडकी-दार सताड उघडं, आणि चुलीत तोच सिद्ध कोळसा. हंसाबाईने मंत्रही म्हटला, तिला तो पाठ झाला होता. दहा माणसं तासभर बसली. कुणाचं डोकं जड झालं नाही, कुणाचं मेलेलं माणूस आलं नाही. बदललं होतं एवढंच, की वाऱ्याला वाट होती.

"आता नीट आयका," मिस्त्री म्हणाले. "चूल वाईट नाही. पण धुराडं छपराच्या वर दोन हात पाह्यजे, अन् टोपी चारी बाजूनं उघडी. खोलीत वारा आला पाह्यजे. कापसाची पऱ्हाटी वाळलेलीच जाळा, ओलीनं काजळी धरते अन् एक दिवस धुराड्यातच आग लागते. पऱ्हाटीचा भारा चुलीले चिटकून ठेवू नका. दरवर्षी धुराडं झाडा. अन् थंडी हाय म्हणून निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपाल, तं उठाल का नाही, हे कोणी सांगू शकत नाही. नागोरावले हे सारं मालूम होतं."

हे शेवटचं वाक्य अपेक्षाने ऐकलं आणि पदराने तोंड झाकलं.

*

घरी आई खाटेवर बसून होती. गल्लीतून सगळं तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं.

"मंग ते आलेच नव्हते?" तिने विचारलं.

अपेक्षाला वाटलं, इथे एक खोटं चालेल. इथे कुणी मरणार नाही. मग तिला दवाखान्यात फरशीकडे झुकलेली स्वतःची मान आठवली.

"नाही, आई. आले नव्हते."

"पाणी मांगलं त्यायनं."

"वायू डोक्यात गेला होता. तुले अन् मलेही."

आईने पदराने डोळे पुसले. मग उठली, भिंतीला धरत चुलीपाशी गेली, आणि कोपऱ्यातलं घमेलं ओढून घेतलं.

"बोरा काढून आण," ती म्हणाली. "अन् येताना बोरीची फांदी तोड. यंदा धुराडं झाडलंच नाही."

अपेक्षा चढली. बोरा करपून काळा झाला होता, तो उपसताना कोपरापर्यंत हात बरबटले. मग दोर सोडला, फांदी वर-खाली ओढली. खाली काजळी भसाभस पडल्याचा आवाज आला.

"पुरे का, आई?"

"अजून येऊन राह्यली!"

त्या संध्याकाळी चुलीवर भाकरी झाल्या, आणि धूर सरळ वर निघून गेला. आई अंगणात उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होती. ती रडली, आणि मग जेवली.

गेलेलं माणूस आठवावं, त्याच्यासाठी रडावं, त्यात लाज नाही. लाज आहे ती शंका येऊनही न विचारण्यात. म्हणून चूल पेटलेली असेल आणि धूर दिसत नसेल, तर हात जोडू नका. आधी दार उघडा, आतल्या माणसाला बाहेर काढा, आणि मग विचारा, धूर गेला कुठे.