एका खेपेला एकच मोठी वस्तू

नव्या नियमांचा बोर्ड डेपोच्या फाटकावर मीच लावला. चारही स्क्रू माझ्या हातचे. जुना पत्रा, लाकूड, गाद्या, बंद पडलेली यंत्रं लोक आमच्याकडे आणून टाकतात, आणि कुठली वस्तू कुठल्या ढिगात ते एकोणीस वर्षं मी दाखवत आलो. आता आधी मोबाइलवर दिवस घ्यायचा, हद्दीतल्या घराचं वीजबिल दाखवायचं, पायी यायचं नाही आणि एका खेपेला एकच मोठी वस्तू. हे ज्यानं लिहिलं त्यानं जन्मात कधी गादी उचललेली नसावी. आम्हाला तर नगरपालिकेनं विचारलंसुद्धा नाही. घरी हे मी इतक्या वेळा बोललो, की बायको म्हणाली, हे रडगाणंही एकदा डेपोत टाकून या.

महिनाभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्या दिवशी सकाळीही एकीला परत पाठवलं. समोरच्या गल्लीत कपडे शिवणारी बाई. बंद पडलेला फ्रिज हातगाडीवर घालून पन्नास पावलं ढकलत आणला होता. दोन आठवडे तो तिच्या दारात अडून बसलेला, गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही. बिल होतं, दिवसही आजचाच घेतलेला होता. पण हातगाडी म्हणजे वाहन नव्हे. मी बोर्डाकडे बोट दाखवलं. तिनं लगेच गाडी वळवली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी पाळी संपली आणि माझं स्वतःचं काम सुरू झालं. आई दोन वर्षं लोखंडी पलंगावर पडून होती. बाबा तिच्या पायथ्याशी खाली झोपायचे. गेल्या महिन्यात ती गेली. चार दिवसांनी बायकोनं गादी गुंडाळून दोरीनं बांधली आणि पलंगावर आईच्या कपड्यांची खोकी रचली. तेव्हापासून बाबा त्या खोलीत पाऊल ठेवेनात. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत, त्यानं पाय सुजून टम्म झाले. त्यांना पलंग डोळ्यांसमोर नको असणार, असं आम्ही दोघांनी ठरवलं. तो गेला की ते खोलीत येतील, आडवे होतील. म्हणून बायको त्यांना पाय दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली, आणि मी खोकी उतरवून मेहुण्याच्या टेम्पोत पलंग चढवला.

फाटकावर दुपारपाळीची सहकारी होती. तिला आम्ही नियमावली म्हणतो, कारण अख्खं परिपत्रक तिला पाठ आहे. तिनं माझं वीजबिल मागितलं. मी हसलो, ती हसली नाही. माझं घर नाल्यापलीकडे, म्हणजे शेजारच्या नगरपालिकेत. एकोणीस वर्षं ही गोष्ट कुणाच्या गावीही नव्हती, माझ्यासुद्धा.

"ओळख सांगेल त्याला आधी अडवायचं, असं तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली.

शिकवलं होतं खरं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी टेम्पो वळवला, तर गल्लीच्या तोंडाशी तीच बाई हातगाडीला टेकून उभी. तिच्याकडे बिल होतं, माझ्याकडे वाहन. कुठल्या तोंडानं विचारू असं झालं, पण विचारलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि फ्रिजची एक बाजू धरली. दोघांनी मिळून तो पलंगाला खेटून उभा केला आणि पुन्हा फाटकावर गेलो.

नियमावलीनं बिल तपासलं, तारीख तपासली, मग टेम्पोत डोकावली. मोठ्या वस्तू दोन होत्या. आत एकच जाईल, दुसरीसाठी पुढचा दिवस अकरा दिवसांनी. हा नियम मी साफ विसरलो होतो, बोर्ड स्वतः लावूनही.

बाई म्हणाली, टेम्पो तुमचा, पलंगच जाऊ दे. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? बाबांचे पाय डोळ्यांपुढून हलत नव्हते. पण दिवस तिनं घेतलेला, बिल तिचं, आणि सकाळी तिला मी परत पाठवलेलं. मी फ्रिज उतरवला. वाद घालण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

घरी आलो तर स्वयंपाकघरातली खुर्ची रिकामी होती. खोलीत पलंगाच्या पायांचे गंजके डाग फरशीवर उमटले होते, आणि त्या चार डागांच्या मधोमध बाबा बसले होते. बायको दारात उभी होती, तिनं नजर चुकवली. मी सांगितलं, आज घेतला नाही, अकरा दिवसांनी नेतो.

"कुणी सांगितलं न्यायला?"

"तुम्हाला बघवत नव्हता ना, म्हणून."

"मला त्याच्यावर झोपायचं होतं. तुम्ही खोकी रचलीत." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नगरपालिकेनं विचारलं नाही म्हणून महिनाभर घर डोक्यावर घेतलंस. मला कुणी विचारलं?"

मेहुण्याला बोलावून घेतलं आणि दोघांनी पलंग परत त्याच डागांवर ठेवला. बायकोनं गादीची दोरी सोडली. बाबा भिंतीकडे तोंड करून लवंडले आणि पाय लांब केले. मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसलो.