रबरातली गाठ

धुलाई कारखान्याच्या इस्त्रीखोलीत, जेवणाच्या सुट्टीत, आरोग्यसेविकेने स्तनाचा रबरी नमुना टेबलावर ठेवला. बायका आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या. तपासणीची गाडी बाहेर अंगणात उभी होती. ती मॅनेजरने बोलावली होती, तेच खटकत होतं.

"साहेबांना आपला एवढा कळवळा कधीपासून?" मुकादमबाई म्हणाल्या. "आज तपासतील, उद्या आजारी कोण ते कळेल, परवा तिला नारळ."

"अहवाल फक्त तुमच्या हातात मिळेल. कंपनीला नाही," सेविका म्हणाली.

"बोलायला तुमचं काय जातंय?"

मुकादमबाईंची धाकटी जाऊ पुढे सरकली.

"बस खाली. तुला काय झालंय?"

"काही नाही, जाऊबाई. झाल्यावरच बघायचं असतं का?"

सेविकेने बोटं सपाट ठेवून, लहान लहान गोल फिरवत दाबून दाखवलं आणि नमुना पुढे दिला. आत गाठी होत्या. "माझ्या उशीत याहून जास्त आहेत," एकजण म्हणाली, तशी खोली खिदळली.

"बघू तुमचं खेळणं." मुकादमबाईंनी नमुना ओढून घेतला. त्यांची बोटं कुठे चाचपडली नाहीत. थेट काखेकडच्या कडेला गेली.

"खोटं आहे हे. बोटाखालून पळतेय. खरी जागची हलत नाही."

हसू थांबलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" जावेने विचारलं.

"ऐकलंय कुठेतरी."

"कुठे?"

मुकादमबाईंनी नमुना टेबलावर परत ठेवला. हल्ली वरच्या फळीवरच्या चादरी काढायला त्या आपल्यालाच हाक मारतात, हे जावेच्या आत्ता ध्यानात आलं. वयामुळे असेल, असं ती धरून चालली होती.

सेविका हळू आवाजात म्हणाली, "प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण न हलणारी लगेच दाखवावी. लवकर कळलं तर उपचारांना वाव असतो."

"आणि माझी मुकादमी?"

"आज सगळ्याच गाडीत गेलात, तर कोण कशासाठी गेली ते कुणाला कळणार?"

मुकादमबाईंनी मान वळवली. "आधी बघा, बाहेर कान लावून कोण उभंय."

जावेने दार उघडलं. मॅनेजर होता, घाईघाईने फोन बघू लागला.

"कुणाला काही त्रास आहे का?" त्याने विचारलं.

"सगळ्यांनाच," जाऊ म्हणाली, आणि मुकादमबाईंचा दंड धरून गाडीकडे निघाली. इस्त्र्या बंद करून बाकीच्या मागोमाग आल्या.