धाकट्याचं पोट

सोफे शिवण्याच्या त्या दुकानात दोघंच राबायची. ताई कापड बेतायची, तिचा धाकटा भाऊ ते चौकटीवर ताणून बसवायचा. हात सोन्याचा, पण ग्लास समोर आला की गड्याला ताळतंत्र राहत नसे.

मित्राच्या बढतीची पार्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो भिंत धरत धरत दुकानात आला. गिऱ्हाइकाच्या कोऱ्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडला. ताईने लिंबूपाणी दिलं आणि वर तोंडाचा पट्टाही सोडला. गळ्यापर्यंत ढोसायचं आणि मग विव्हळायचं, भोग आता, म्हणाली. एरवी तो एकाला दोन ऐकवायचा. आज गप्पच राहिला, तेव्हा तिच्या काळजात पहिल्यांदा धस्स झालं.

दुपारपर्यंत त्याचं पोट ढोलासारखं टणक झालं. ताईने शटर ओढलं, गाडी बोलावली, आणि गळ्यातल्या मोजपट्टीसकट इस्पितळ गाठलं.

तिथल्या पहिल्या डॉक्टरांना वाटलं, दारूनं स्वादुपिंड सुजलंय. मग रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडं बिघडल्यासारखी दिसताहेत, म्हणाले. ताईला ते पटेना. कालपर्यंत हा पोरगा एकट्यानं सोफा उचलत होता.

सर्जन बाई आल्या. त्यांनी पोट हलकेच दाबलं आणि शेवटची लघवी कधी झाली ते विचारलं. धाकट्यानं ताईकडे पाहून मान फिरवली. ती उठू लागली, तसा त्यानं तिचा हात धरला.

"नको जाऊस, ताई. मला भीती वाटतेय."

मग अडखळत सगळं बोलला. बिअर रिचवता रिचवता खुर्चीतच डोळा लागला होता. लघवी लागल्याचंही कळलं नाही. पहाटे ओटीपोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं, आणि तेव्हापासून थेंब थेंबच, तेही लालसर. पडला नव्हता, कुणी मारलंही नव्हतं.

स्कॅनमध्ये मूत्राशयाला चीर दिसली. बाईंनी ताईला समजावलं: नशेत जाणीव बोथट होते, मूत्राशय तुडुंब भरतं, आणि क्वचित एखाद्याचं असं आपोआप फाटतं. लघवी पोटात पसरते आणि पुन्हा रक्तात भिनते, म्हणून रिपोर्ट तसा आला. शिवावं लागेल, आणि लगेच.

स्ट्रेचरवरून त्यानं विचारलं, "मी वाचेन ना?"

ताईच्या ओठांवर खोटं आलं होतं, पण बाहेर पडेना. "मला माहीत नाही रे. पण मी इथून हलणार नाही."

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं. आत कुणाची पावलं वाजली तरी ती उठून उभी राही. सकाळी आपणच त्याला भोग म्हणालो, हे तिला राहून राहून डाचत होतं.

बाई बाहेर आल्या. चीर शिवली होती, पोट धुऊन काढलं होतं. हळूहळू रक्ताचे आकडेही ताळ्यावर आले.

लघवीची नळी लावलेली पिशवी सांभाळत तो घरी आला, तेव्हा ताईनं दारू सोडण्याची शपथ मागितली. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"शपथ नको घालूस. मोडली तर तुझ्याशी खोटं बोलायला लागेन. पण प्यावंसं वाटलं की तुला हाक मारेन."

तिचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. पण त्या रात्री तिनं आपलं अंथरूण त्याच्या दाराशी ओढून घेतलं.